टॉवेलचा बगळा

जहाजावरचा तिसरा दिवस काहीच न करण्याचा असतो. पहिल्या संध्याकाळी मुंबईहून निघायचं, दुसऱ्या दिवशी गोवा बघायचा आणि तिसऱ्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं पाण्यात. खोलीत ठेवलेल्या कार्यक्रमाच्या कागदावर त्या दिवसाला 'सी डे' म्हटलं होतं आणि खाली निवांत राहायची सूचना होती. माझ्या दोन्ही वहिन्यांनी जन्मात कधी कुणाच्या सांगण्यावरून आराम केलेला नाही. त्यात दोघींचा एकमेकींशी अबोला. अशा दोघींना एका खोलीत कोंडून निवांत राहायला सांगायचं, म्हणजे दोन मांजरी एका पोत्यात घालून वरून अंगाई म्हणायची.

ही कल्पना पोरांची. थोरल्या जिजावहिनीचा नवनाथ पुण्याला असतो, धाकट्या गौरावहिनीचा साईनाथ बदलापूरला. या दोन चुलतभावांचं उत्तम जमतं. आयांचं जमत नाही याची त्यांना लाज वाटते, आणि लाज वाटली की आजकालची पोरं तिकीट काढतात. "एकत्र राहतील, दर्या बघतील, बोलतील," असं साईनाथ मला म्हणाला. मधे तिसरं माणूस हवं म्हणून नणंदेला घातलं. ती मी, सुरेखा. खालापूरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक सातबारा घेऊन येतात, वारसाचे दाखले घेऊन येतात, मी काचेवर कागद पालथा घालते, आणि तेवढ्या वेळात कुणाच्या घरात काय शिजतंय ते कळून जातं. माणसांची जमा-नावे मनातल्या मनात मांडायची खोड मला तिथेच लागली.

यांचा जमाखर्च तर मला तोंडपाठ आहे. कडावचं आमचं एकच घर, माझ्या भावांनी मधे भिंत घालून त्याची दोन केली. तोवर ठीक होतं. साईनाथच्या लग्नात हळदीचा पहिला हात थोरल्या काकीचा, आमच्याकडची रीत आहे. गौरावहिनीनं तो मान आपल्या सख्ख्या बहिणीला दिला. जिजावहिनी हळदीनं माखलेलं बोट तसंच वर धरून मांडवातून उठली, घरी गेली आणि बोट धुतलं. गौरावहिनीचं म्हणणं, थोरलीनं आधी नवनाथच्या बारशाला तिला कुंकू लावायचं टाळलं होतं. बारसं तीस वर्षांपूर्वीचं. दोघींचं मी ऐकून घेतलंय. दोन्ही खरं आहे, म्हणून तर मिटत नाही.

भाऊ गेले, पोरं गावाबाहेर गेली, भातशेती दुसऱ्यांना कसायला दिली. उरल्या या दोघी, भिंतीच्या दोन बाजूंना. पण भिंतीपलीकडे माणूस असलं की काही ना काही सांगावं लागतंच. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. उद्या नळाला पाणी येणार नसेल तर जिजावहिनी मागल्या दारी उभी राहून कोंबड्यांना मोठ्यानं सांगायची, "बयांनो, उद्या पाणी नाय हां, आजच भरून ठेवा." कोंबड्या काही हंडे भरणार नव्हत्या. पलीकडे हंडा वाजायचा. वाडीवर बिबट्या फिरतोय, सोसायटीत साखर आलीय, अमक्याची म्हातारी गेली, सगळं कोंबड्यांना. गौरावहिनीकडे कोंबड्या नव्हत्या, ती म्हशीला सांगायची. म्हैस विकल्यावर दावणीला सांगायची. माझ्या मते तालुक्यात एवढं बोलणाऱ्या दोन जावा नसतील.

जहाजावर ना कोंबडी, ना दावण. पहिल्याच दिवशी दोघींनी माझ्याकडे बघून सुरुवात केली. "सुरेखा, यांना सांग खिडकीकडची कॉट मला हवी." "सुरेखा, त्यांना सांग खिडकी उघडत नाय ती, उगा काच हाय." मी भिंतीतून खाली ओढलेल्या वरच्या फळीवर, पंचासारखी. तिसऱ्या निरोपाला मी सांगून टाकलं, "मी टपाल वाहायला आलेली नाही. मला दर्या बघायचाय."

मग त्याच रात्री हत्ती आला. आमची खोली आवरणारा माणूस केरळचा, केस पिकलेला, बोलण्यापेक्षा हसणारा. आम्ही जेवून आलो तर जिजावहिनीच्या पलंगावर टॉवेलच्या घड्या घालून केलेला हत्ती बसवलेला. गौरावहिनीनं त्याला न्याहाळलं आणि म्हणाली, "गणोबा, रातच्याला बत्ती बंद असावी. काही लोकांना उजेडात झोप येत असंल, आमाला नाय."

"हत्तीबुवा," जिजावहिनी म्हणाली, "ती न्हाणीतली बत्ती हाय. कुणाचा पाय घसरला तर पाण्यात दवाखाना नाय."

गौरावहिनी कुशीवर वळली. मला तिची गुर्मी दिसली.

दुसऱ्या दिवशी हत्ती जाऊन लांब मानेचा पक्षी आला. तो हंस असणार. पण भातखाचराच्या माणसांनी हंस कुठे पाहिलाय? दोघींनी, वेगवेगळ्या वेळी, मला वेगवेगळं गाठून सांगितलं की हा बगळा आहे. जिजावहिनीनं तर त्या माणसाला हातवारे करून बजावलं की हा मोडायचा नाही. त्यानं छातीवर हात ठेवून मान डोलावली. म्हणून तिसऱ्या दिवशी, त्या निवांत दिवशी, बगळा दोन पलंगांच्या मधल्या मेजावर होता.

आता त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते सांगते. जिजावहिनी कडावला परत जाणारच नव्हती. सामान आधीच टेंपोनं पुण्याला गेलेलं. घराला कुलूप. उद्या सकाळी बंदरावर नवनाथ गाडी घेऊन येणार आणि तिला तिथूनच कायमची घेऊन जाणार. साईनाथला ठाऊक, मला ठाऊक. भिंतीपलीकडे राहणाऱ्या गौरावहिनीला नाही. टेंपो आला त्या दिवशी ती बदलापूरला नातवाकडे होती. नवनाथ म्हणाला होता, "काकूला आईच सांगंल." जिजावहिनीनंही मला बजावलं होतं, "तू तोंड उघडायचं नाय सुरेखा. माझ्या तोंडानं जाऊ दे." ते तोंड त्या बाजूला बंद होऊन वर्षं झाली होती, तो भाग वेगळा. बंदरावर दोन गाड्या दोन दिशांना वळल्यावर कळणं आणि माणसानं सांगून कळणं, यातला फरक जिजावहिनीलाही कळत होता. म्हणून तिनं त्या दिवशी सकाळीच चहाच्या कपात बघत मला सांगितलं, "आज बोलते."

"कशी?"

"बघू. बोलते."

सकाळी वरच्या डेकवर गेलो. तिथं माणसं लांब खुर्च्यांवर अंगाला तेल लावून पडली होती. घरी उन्हात काम करायला मजूर लावणारी माणसं इथं उन्हात पडायला पैसे भरून आलेली. मधे निळं टाकं, त्यात पोरं, आणि टाक्याच्या कडेला एक मुलगी कर्ण्यातून सगळ्यांना कमरेत हलायला सांगत होती. ठाण्याचे एक काका तिचं ऐकून हलत होते आणि त्यांची बायको त्यांना ओळखत नसल्यासारखी वेफर खात होती.

दोघी वहिन्या एका बाकावर बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. ती माझी जागा. समोर पाणी.

"चिखलणी केलेल्या खाचरासारखं दिसतं," जिजावहिनी म्हणाली. हे मला होतं.

थोड्या वेळानं गौरावहिनी म्हणाली, "याला बांध कुठं हाय?" हेही मला.

मी म्हटलं, "बांध नाही म्हणून तर भांडण नाही." दोघींनी ऐकलं नाहीसं केलं. खरं तर एकीनंच तसं केलं होतं, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

नाश्त्याला जिजावहिनीनं पहिला प्रयत्न केला. इडल्या घेतल्या, बशी उचलून गौरावहिनीच्या समोर सरकवली आणि चटणीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "नवनाथच्या घरी लिफ्ट हाय म्हणं." ही प्रस्तावना होती. गौरावहिनीनं इडली घेतली, खाल्ली, बोट पुसलं आणि मला विचारलं, "ती पोरगी अजून हलायला सांगतेय का गं?" जिजावहिनीचा चेहरा इडलीसारखा झाला, पांढरा आणि फुगलेला.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही खोलीत आलो. जहाजाची एक बारीक घरघर असते, बोलताना विसरून जातो, गप्प बसलं की येते. गौरावहिनी पलंगावर खिडकीकडे तोंड करून, हाताची उशी करून पडली. मी वर. जिजावहिनी मेजासमोर बसली, पदर नीट केला आणि बगळ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले, कान नाही.

"बगळोबा," ती म्हणाली. आवाज कोंबड्यांना सांगायचा, बेताचा मोठा. "मी आता कडावला येणार नाय. उद्या नवनाथ पुण्याला नेतोय. कायमची. घर बंद केलंय." मग थांबली. "भिंत आमच्या बाजूनं ओल धरते, लक्ष ठेवावं कुणीतरी. कोंबड्या वाडीवरची पारू सांभाळतेय. ज्याला हव्यात त्यानं तिच्याकडनं घ्याव्यात. दारातल्या शेवग्याच्या शेंगा... त्या पण."

खिडकीतलं पाणी वर-खाली होत राहिलं. गौरावहिनीची पाठ तशीच. एक हात फक्त मांडीवर खाजवून परत जागी गेला.

जिजावहिनीनं बराच वेळ वाट पाहिली. मग उठली, चपला घातल्या आणि गेली. दार आपोआप लागतं तिथं, तिनं आपटलं असतं तरी कळलं नसतं.

मी खाली उतरून मागोमाग गेले. ती जिन्याशी कठडा धरून उभी होती.

"दगड हाय दगड," ती म्हणाली. "हां नाय, हूं नाय. कुत्रं गाव सोडून जातंय म्हटलं तरी माणूस मान फिरवून बघतो."

"वहिनी, झोप लागली असेल."

"झोपलेलं माणूस खाजवतं व्हय?" ती वर डेकवर गेली. "तू येऊ नको," असं न बघताच म्हणाली.

मी खोलीत परतले. गौरावहिनी उठून बसली होती. "सुरेखा, माझ्या पिशवीत मशेरीची डबी हाय, दे जरा." मी पिशवीत हात घातला. डबी लागली, पण ती मशेरीची नव्हती. करड्या रंगाची, गुळगुळीत, झाकणाची. उघडली तर आत कानात घालायचं मशीन. नवंकोरं. बारीक सेलवर चिकटवलेला कागदाचा तुकडासुद्धा काढलेला नव्हता. तो काढल्याशिवाय मशीन चालू होत नाही, आमच्या बाजूच्या सोनाराचं असंच आहे.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "वहिनी, हे काय?"

"ते व्हय. साईनाथनं आणलंय. कानात घालतात."

"तुला ऐकू येत नाही?"

"तुझं येतं की." माझा आवाज झेरॉक्सच्या मशीनवर चढवून चढवून कमावलेला आहे, माझं भिंतीलासुद्धा ऐकू येतं. आणि मला आता आठवलं की ती माझ्या तोंडाकडे बघत बोलते, आणि मी तोंड फिरवलं की "काय गं?" म्हणते. मी ते जहाजाच्या घरघरीच्या खात्यात टाकलं होतं.

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले असतील. आधी डावा गेला. मग उजव्यानं पण त्याची संगत धरली." ती हसली. "गावात बोलू नको. भैरी म्हणतील."

"मग हे घालत का नाहीस?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जसं मी उन्हाळ्यात घोंगडी का घेत नाहीस असं विचारलंय. "कोण बोलतंय गं माझ्याशी? घालून ऐकू काय, फ्रिजचा आवाज?"

मी मशेरीची डबी काढून दिली. तिनं दातांवर बोट फिरवलं, खिडकीकडे बघितलं. मग आपणहून म्हणाली, "पलीकडनं पण आता काय येत नाय. आधी निदान कोंबड्यांना तरी काय काय सांगायची. आता ते पण बंद केलंन तिनं. माणसानं किती राग धरावा? श्रावणात नवनाथ गाडी घेऊन आला, आईला घेऊन हिंडायला गेला, माझ्या दारात पाय नाय ठेवला. मीच लहानपणी त्याला नाचणीची भाकर भरवलेली."

"तू विचारलं नाहीस?"

"दार बंद व्हतं दोन दिवस. म्हटलं बंद हाय तर बंद हाय."

मी ती करडी डबी परत पिशवीत ठेवली नाही. माझ्या पर्समध्ये टाकली आणि वर गेले.

जिजावहिनी सकाळच्याच बाकावर होती. टाक्याभोवतीची गर्दी आता जहाजाच्या दुसऱ्या बाजूला, मावळतीचे फोटो काढायला गेली होती. आमच्या बाजूला रिकाम्या खुर्च्या आणि त्यावर ओले टॉवेल. घडी न घातलेला टॉवेल अगदीच टॉवेल दिसतो.

मी डबी तिच्या हातात दिली आणि सांगितलं. पाठीनं उत्तर दिलं नाही कारण पाठीला ऐकू गेलं नाही. आज नाही, परवा हत्तीलाही नाही, आणि दोन पावसाळे काहीच नाही.

जिजावहिनी डबी उघडून बघत राहिली. माझी अपेक्षा होती तिला बरं वाटेल, निदान दगड म्हटल्याचं ती मागे घेईल. ती हळूहळू बसल्या जागी बारीक होत गेली.

"म्हंजी," ती म्हणाली, "मी जे भिंतीपाशी सांगत व्हते..."

"कोंबड्यांनीच ऐकलं."

"श्रावणात पण?"

"श्रावणात काय?"

तिनं मग सांगितलं. श्रावणात तिला ताप भरला. उठता येईना. मागल्या दारापर्यंत सरकत गेली आणि कोंबड्यांना सांगितलं, बयांनो, अंगात त्राण नाय, कुणीतरी पेज करून द्याल तर बरं. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती. म्हणजे माणूस घरात होतं. रात्र गेली, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. परत भांडी वाजली. शेवटी पारू करटुली विकायला आली, तिनं दार ढकललं, तिनं नवनाथला फोन लावला. नवनाथ आला तो कुणाच्या दाराकडे न बघता तिला उचलून गाडीत घालून कर्जतला दवाखान्यात घेऊन गेला.

"तिथं पडल्या पडल्या ठरवलं मी," जिजावहिनी म्हणाली. "पोरगा कधीचा मागं लागलेला, ये म्हणून. मी नाय म्हणायचे. म्हणायचे माझ्या भिंतीला माणूस हाय. बोलत नाय, पण हाय. त्या दिवशी म्हटलं, नाय. कुणी नाय. आन् हो म्हणून टाकलं."

जहाज सरळ जात होतं. मागे पांढरी रेघ पडत होती आणि बघता बघता मिटत होती. मी माझ्या सवयीनं दोन्ही बाजू मांडून बघितल्या. पेज आली नाही, ही थोरलीची तक्रार. दारात पाय ठेवला नाही, ही धाकटीची. दोन्ही एकाच दिवसाच्या.

"मग आता सांग तिला," मी म्हटलं. "तापाचं सांग. घर काही विकलेलं नाही. कुलूप आहे, किल्ली आहे."

"नवनाथनं भाड्यानं दिलंय. मुंबईची माणसं हायत, शनवार-रविवार येणार. आगाऊ पैसे घेतले." ती डबीचं झाकण लावून-उघडून बघत होती. "आन् तापाचं तिला सांगू नको. तू पण नाय."

"का?"

"काय का? भिंतीपलीकडं मी मरत व्हते आन् ही भांडी घासत व्हती, हे घेऊन ती त्या घरात एकटी राहील व्हय? ते राहू दे माझ्याकडं."

माणसांच्या एवढ्या जमा-नावे मी पाहिल्या, वसूल होणारी रक्कम कुणी आपण होऊन अशी खोडलेली क्वचित पाहिली. आणि तीही जिजावहिनीनं, जिनं हळदीचं बोट सोडलं नव्हतं.

गौरावहिनी तेवढ्यात जिन्यातून वर येताना दिसली. एका हातानं कठडा, एका हातानं पदर. आम्हाला शोधत होती. माणसाला ऐकू येत नसलं की ते डोळ्यांनी फार शोधतं. ती येऊन बाकाच्या तिच्या टोकाला बसली. मी माझ्या मधल्या जागेवरून उठले आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले, पाठ करून. फार काळ नाही, थोड्या वेळानं तिरकी झाले.

जिजावहिनी मधल्या जागेत सरकली. डबीतून मशीन काढलं, सेलवरचा कागद नखानं सोलला आणि मशीन तळहातावर धरून गौरावहिनीच्या पुढे केला हात.

गौरावहिनीनं तळहाताकडे बघितलं. मग माझ्या पाठीकडे, म्हणजे चुगली कुणाची ते तिला कळलं. मग परत तळहाताकडे. घ्यायला हात काही पुढे येईना. शेवटी जिजावहिनीनंच तिचा पदर कानामागे सारला आणि मशीन बसवायला लागली. दोघींपैकी एकीलाही ते कसं बसतं ठाऊक नव्हतं. कुडीत अडकलं, केसात अडकलं. हळदीच्या दिवशी जो हात लागायचा तो राहिला होता, आज कानाला लागला.

"हळू," गौरावहिनी म्हणाली. "दुखतंय."

आता हा शब्द कुणाच्या नावावर मांडायचा? पुढे जिजावहिनी म्हणते अबोला धाकटीनं मोडला. गौरावहिनी म्हणते, मी मशीनला म्हटलं.

मशीन एकदाचं बसलं. गौरावहिनी दचकली. वारा तिला ऐकू आला असणार, खाली फाटणारं पाणी, लांबून कर्णा. ती बराच वेळ तोंड किंचित उघडं ठेवून बसली.

"केवढा आवाज करतंय हे पाणी," ती म्हणाली. "मला वाटलं मुकं हाय."

जिजावहिनी समोर बघत होती. सवय कुठली जाणार? तिनं पाण्यालाच सांगितलं. "मी उद्या पुण्याला जाते. कायमची."

गौरावहिनीनंही पाण्याकडेच बघितलं. कर्ण्यातून कुणीतरी वाढदिवस असलेल्या कुणाचं तरी नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, संपल्या.

"का?" गौरावहिनीनं विचारलं.

"गुडघे. तिकडं लिफ्ट हाय."

"हां."

"जिना नाय चढावा लागत."

"आपल्या घराला तरी कुठं जिना हाय?"

जिजावहिनी गुडघ्यावरची निरी सारखी करू लागली. गौरावहिनीनं वाट पाहिली आणि मग सोडून दिलं. तिनं सोडलं हे मला दिसलं.

"कोंबड्या?" तिनं विचारलं.

"पारूकडं हायत. तुला घे."

"माझ्याशी नांदतील?"

"दाणे टाकशील तर तुझ्या बापाशी नांदतील."

गौरावहिनी हसली, आणि लगेच मशीनवर हात दाबला, कारण स्वतःचं हसणंही तिला फार मोठ्यानं ऐकू आलं. मग दोघी बसून राहिल्या. बोलायला वर्षांचं साठलेलं होतं आणि त्यातलं काही निघालं नाही. सूर्य पलीकडच्या बाजूला बुडला, तो आम्हाला दिसला नाही, फक्त आमच्या बाजूचं पाणी काळं होत गेलं. गार वाटायला लागलं तेव्हा गौरावहिनीनं शेजारच्या खुर्चीवरचा त्यातल्या त्यात कोरडा टॉवेल उचलला आणि थोरलीच्या गुडघ्यांवर टाकला. लिफ्टच्या गुडघ्यांवर. खरं मानलं म्हणून टाकला की खोटं कळलं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी बंदरावर नवनाथ उभा होता, साईनाथ उभा होता. सामान वेगवेगळं झालं. गौरावहिनीनं थोरलीला वाकून नमस्कार केला, जिजावहिनी "राहू दे, राहू दे" म्हणाली, आणि तेवढ्यात मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. गौरावहिनीनं कानावर हात ठेवले. गाड्या वळल्या. साईनाथ वाटेत मला हळूच म्हणाला, "बघितलंस आत्या, बोलल्या की नाय? तिकीट वसूल." मी होय म्हटलं.

त्यानंतर माघात मी कडावला गेले. जिजावहिनीच्या दाराला निळा रंग दिलाय, बाहेर पाहुण्यांसाठी झोपाळा टांगलाय. आठवडाभर बंद असतं. मधे मी दोघींना सांगून पाहिलं, फोन करा. पुण्याची म्हणते, "ती धाकटी हाय, तिनं करावा." इकडची म्हणते, "ती थोरली हाय, तिनं करावा." तेव्हा जहाजावर नाकारलेलं टपाल हल्ली मीच वाहते. लिफ्ट बरी आहे, शेवग्याला शेंगा आल्या, एवढंच असतं त्यात.

मी पोचले तेव्हा गौरावहिनी मागल्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मशीन कानात. इथं चार दिवस राहून गेलेली साईनाथची बायको सांगत होती की हल्ली सकाळी तोंड धुवायच्या आधी ते घालते, रात्री निजताना काढते.

"उद्या पाणी नाय हां बयांनो," गौरावहिनी मोठ्यानं म्हणाली. "भरून ठेवा आजच." आणि मूठ तशीच वर धरून थांबली, समोरच्याला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ. कोंबड्या मुठीकडे बघत होत्या.

मग तिला मी दिसले. तिनं दाणे टाकले, हात झटकले आणि कान माझ्या पुढे केला.

"बरं झालं आलीस. हे मशीन बघ जरा, नीट चालतंय का. पलीकडचं कायच ऐकू येत नाय."

मी वाकून बघितलं. बारीक हिरवा दिवा लागलेला होता.

"चालतंय," मी म्हटलं.

"हां," गौरावहिनी म्हणाली आणि पदर परत कानामागे सारला.